खेळ घडविणारा शिक्षक

कॅनडा देशाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात आल्मॉन्ट नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावाजवळ ६ नोव्हेंबर १८६१ रोजी जेम्स नेस्मिथ यांचा जन्म झाला. त्यांचे आईवडील मूळचे स्कॉटलंडचे. जेम्स नऊ वर्षांचा असताना १८७० साली विषमज्वराची साथ आली आणि थोड्याच दिवसांच्या अंतराने आई व वडील दोघेही मृत्यू पावले. मागे तीन भावंडे राहिली : थोरली बहीण, जेम्स आणि धाकटा भाऊ. त्यांच्या अविवाहित मामाने, पीटर यंग यांनी, पुढे या पोरक्या मुलांचा सांभाळ केला.

मामा प्रेमळ होता; परंतु कामाच्या बाबतीत तो कोणाची गय करीत नसे. शेतावर नांगर धरणे, हिवाळ्यात रानात जाऊन लाकूड तोडणे, घोडे हाकणे ही कामे जेम्सला लहान वयातच करावी लागली. अंगात बळ आले, पण शाळेकडे दुर्लक्ष झाले. कामातून सवड मिळाली म्हणजे गावातील मुले एक खेळ खेळत. एका मोठ्या खडकावर मूठभर आकाराचा दगड ठेवावयाचा. एक गडी त्याची राखण करी. बाकीच्यांनी ठरावीक अंतरावरून आपापला दगड फेकून तो खाली पाडावयाचा. आपल्याकडील लगोरीची आठवण व्हावी असाच हा खेळ. यात एक गंमत होती. ज्याने जोराने दगड भिरकावला, त्याचा नेम चुकला तर त्याचा दगड दूर जाऊन पडे. तो उचलून आणीपर्यंत राखणदार त्याला गाठून बाद करी. उलट, ज्याने दगड हलकेच वर उडवून कमानीसारखा सोडला, त्याचा दगड जवळच पडे आणि तो सुखरूप परत येई. बळापेक्षा नेम मोठा, ही गोष्ट जेम्सच्या मनात तेव्हापासून रुजली. तिचा उपयोग पुढे कोठे व्हावयाचा आहे, याची मात्र त्याला त्या वेळी काहीच कल्पना नव्हती.

मध्यंतरी जेम्सने शाळा सोडून दिली आणि काही वर्षे तो लाकूडतोड्यांच्या टोळीत राबला. वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास तो पुन्हा शाळेत जाऊन बसला. मिसरूड फुटलेल्या तरुणाने लहान मुलांच्या बाकावर बसणे सोपे नसते. पण जेम्सने ते केले. शाळेचा अभ्यास पुरा करून १८८३ साली त्याने मॉन्ट्रिऑल येथील मॅक्गिल विद्यापीठात प्रवेश मिळविला व १८८७ साली तो पदवीधर झाला. त्यानंतर तीन वर्षे त्याने धर्मशास्त्राचा अभ्यास केला. त्याने धर्मोपदेशक व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. परंतु याच काळात व्यायामशाळेची व मैदानाची त्याला गोडी लागली होती. त्याचे काही सहाध्यायी यामुळे नाराज झाले. धर्मोपदेशकाने मैदानात लोळणे त्या काळी शिष्टसंमत मानले जात नसे.

एके दिवशी फुटबॉलच्या सामन्यात नेस्मिथांच्या शेजारच्या गड्याचा तोल सुटून त्याच्या तोंडून अपशब्द गेला. शेजारी नेस्मिथ आहेत हे ध्यानात येताच त्याने वरमून त्यांची क्षमा मागितली. नेस्मिथांनी त्याला कधीही उपदेश केला नव्हता. ते केवळ त्याच्याबरोबर खेळत होते. व्याख्यानपीठावरून जे साधावयाचे, ते मैदानावरूनही साधता येईल, असे त्यांना त्या दिवशी वाटले. १८९० साली ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड या गावी गेले. वाय.एम.सी.ए. या संस्थेसाठी शारीरिक शिक्षणाचे शिक्षक व शाखांचे कार्यवाह तयार करणारे एक विद्यालय तेथे होते. पहिले वर्ष विद्यार्थी म्हणून काढल्यावर ते तेथेच शिक्षक झाले.

आता १८९१ सालचा हिवाळा आला. या प्रदेशात हिवाळा म्हणजे बर्फ. शरद ऋतूत फुटबॉल खेळता येई आणि वसंतात बेसबॉल. मधले तीन-चार महिने मात्र दारे बंद करून व्यायामशाळेत कवाईत करावी लागे. हात वर, हात खाली, एक-दोन, एक-दोन! कार्यवाहपदाचे शिक्षण घेणाऱ्या अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग या कवाईतीला अगदी विटून गेला होता. ही लहान मुले नव्हती. चांगले वाढलेले, मैदान गाजविलेले तरुण होते. त्यांच्यापुढे दोन शिक्षकांनी एकामागून एक हात टेकले. तेव्हा विभागाचे प्रमुख डॉ. ल्यूथर ग्युलिक यांनी तो वर्ग नेस्मिथांच्या गळ्यात घातला आणि बंद जागेत, दिव्याच्या उजेडात खेळता येईल असा नवा खेळ शोधून काढण्यासाठी चौदा दिवसांची मुदत दिली.

नेस्मिथांनी प्रथम जुन्याच खेळांना मुरड घालून पाहिली. फुटबॉल आत आणला, तर गडी एकमेकांवर आदळून लाकडी जमिनीवर पडू लागले. सॉकर आणला, तर खिडक्यांच्या काचांवर संकट आले. कॅनडातील लॅक्रॉस हा जाळीदार काठ्यांचा खेळ आणला, तर हातातोंडावर काठ्या बसू लागल्या. मुदत संपत आली आणि हाती काहीच लागले नाही. वर्गातील मुलांना दोष देऊन मोकळे होणे त्यांना सहज शक्य होते. पण दोष मुलांचा नसून आपण त्यांच्यापुढे ठेवीत असलेल्या गोष्टीचा आहे, हे या शिक्षकाने मनोमन मान्य केले.

मग ते शांतपणे बसून विचार करू लागले. खेळाला चेंडू हवा. लहान चेंडूला काठी किंवा फळी लागते, म्हणून चेंडू मोठा हवा. फुटबॉलमध्ये धसमुसळेपणा का होतो? चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवावे लागते म्हणून. मग चेंडू घेऊन पळूच दिले नाही तर? ज्याच्या हाती चेंडू आला, त्याने जागच्या जागी थांबून तो दुसऱ्याकडे फेकावयाचा. येथे अर्धा प्रश्न सुटला. उरलेला अर्धा प्रश्न लक्ष्याचा होता. लक्ष्य समोर उभे असले, तर गडी जोराने चेंडू मारणार. तेव्हा त्यांना आल्मॉन्टचा तो खडक आणि कमानीसारखा उडविलेला दगड आठवला. लक्ष्याचे तोंड आडवे, आकाशाकडे वळलेले आणि गड्यांच्या डोक्यांच्या वर असले, तर बळाचा काहीच उपयोग नाही. चेंडू अलगदच टाकावा लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शाळेच्या रखवालदाराकडे सुमारे दीड फुटाच्या दोन खोक्यांची मागणी केली. खोकी नव्हती, पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या मात्र त्याच्यापाशी होत्या. नेस्मिथांनी त्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला दोन टोकांस ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता. म्हणून आजही जगभर बास्केटबॉलचे कडे दहा फुटांवरच असते. एवढा विचार करून घडविलेल्या खेळातील हे एक माप मात्र असे योगायोगाने ठरून गेले. नंतर त्यांनी तेरा नियम लिहिले व ते टंकलिखित करवून भिंतीवर लावले. चेंडू कोणत्याही दिशेला फेकावा. मुठीने मारू नये. तो घेऊन पळू नये. कोणाला धरू नये, ढकलू नये, पाय घालून पाडू नये. पहिल्या आगळिकीला दोष. दुसऱ्या आगळिकीला पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. एका पक्षाच्या हातून लागोपाठ तीन दोष घडले, तर विरुद्ध पक्षाला एक गोल बहाल करावयाचा.

२१ डिसेंबर १८९१ हा त्या पहिल्या सामन्याचा दिवस मानतात. अठरा विद्यार्थी, म्हणून एका बाजूस नऊ गडी. चेंडू फुटबॉलचा. सारा वेळ खेळून एकच गोल झाला. टोपलीला बूड असल्यामुळे तो चेंडू काढण्यास वर चढावे लागले. पण कवाईतीला कंटाळलेला तो वर्ग खेळ थांबवावयास तयार होईना. या वर्गात इशिकावा नावाचा एक जपानी तरुण होता, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. हा खेळ पहिल्या दिवसापासून एकट्या अमेरिकेचा नव्हता. एका विद्यार्थ्याने खेळाला नेस्मिथांचेच नाव द्यावे असे सुचविले. त्यावर ते हसले. तेव्हा टोपली व चेंडू या दोन इंग्रजी शब्दांवरून त्याचे बास्केटबॉल असे नामकरण झाले.

जानेवारी १८९२ मध्ये विद्यालयाच्या नियतकालिकात हे नियम छापले गेले आणि खेळ वाऱ्यासारखा पसरला. जवळच्या शाळेतील शिक्षिका दुपारी सज्जात बसून तो पाहत. त्यांनीही तो शिकून घेतला. पहिल्याच काळात खेळणाऱ्या मुलींपैकी मॉड शेर्मन यांच्याशी १८९४ साली नेस्मिथांचा विवाह झाला. टोपल्या जाऊन लोखंडी कडी आली, सज्जातील प्रेक्षक चेंडूला हात लावीत म्हणून मागे फळ्या आल्या, गडी नवांचे पाच झाले. चेंडू जमिनीवर आपटीत पुढे नेण्याची युक्ती तर नियमांत नव्हतीच. ती खेळणाऱ्यांनीच शोधून काढली, आणि नेस्मिथांना ती फार आवडली. खेळापासून पैसा मिळवावा, हे मात्र त्यांच्या मनातही आले नाही.

१८९५ साली ते डेन्व्हर येथे गेले. दिवसा व्यायामशाळा सांभाळून त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला व १८९८ साली वैद्यकाची पदवी मिळविली. त्याच वर्षी कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथील विद्यापीठात प्रार्थनामंदिराचे संचालक व शारीरिक शिक्षणाचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथे त्यांनी बास्केटबॉलचा संघ उभा केला. फेब्रुवारी १८९९ मध्ये या संघाने बाहेर जाऊन पहिला सामना खेळला आणि १६ विरुद्ध ५ गुणांनी तो हरला. पुढेही फारसे निराळे घडले नाही. १९०७ पर्यंत नेस्मिथ या संघाचे मार्गदर्शक होते. त्या काळात ५५ सामने जिंकले, ६० गमावले. कॅन्सस विद्यापीठाच्या संघाला आजवर अनेक मार्गदर्शक लाभले. त्यांत जिंकण्यापेक्षा हरण्याची संख्या अधिक असलेला मार्गदर्शक एकच, आणि तो म्हणजे या खेळाचा निर्माता!

याचे कारण त्यांना खेळ कळत नव्हता असे नव्हे. खेळ हा खेळावयाचा असतो, शिकवावयाचा नसतो, असे त्यांचे मत होते. डावपेच आखणे, गड्यांना तासन् तास घोटविणे यांत त्यांचे मन रमत नसे. विद्यार्थ्याची छाती किती भरली, पाठ सरळ झाली की नाही, तो पडल्यावर चिडतो की हसून उठतो, याकडे त्यांचे लक्ष असे. त्यांच्या हाताखाली फॉरेस्ट अ‍ॅलन नावाचा एक तडफदार विद्यार्थी होता. एका महाविद्यालयाने आपल्या संघाला शिकविण्यासाठी त्याला बोलाविले, तेव्हा नेस्मिथांना त्याचे हसूच आले. पण अ‍ॅलनने आपला हेका सोडला नाही. चेंडू कसा झेलावा, कोठे उभे राहावे, केव्हा धावावे हे सारे शिकविता येते, हे त्याने सिद्ध करून दाखविले. १९०७ साली कॅन्ससच्या संघाची सूत्रे गुरूकडून त्याच्याकडे आली. मध्ये काही वर्षे तो अन्यत्र गेला. परत येऊन १९५६ पर्यंत त्याने हा संघ सांभाळला व शेकडो सामने जिंकले. त्याच्या हाताखाली खेळलेला अ‍ॅडॉल्फ रप प्रथम हायस्कूलात शिक्षक झाला, तेथील मुलांचा संघ त्याने तयार केला आणि मग केंटकी विद्यापीठात जाऊन तो नामांकित झाला.

या वादात बरोबर कोण होते? खेळ शिकविता येतो, हे अ‍ॅलनचे म्हणणे काळाने खरे ठरविले, यात संशय नाही. तथापि, नेस्मिथांची शंकाही पोकळ नव्हती. शिकविणारा फार पुढे आला म्हणजे खेळणारा मागे पडतो, ही त्यांची भीती होती. आणि केवळ विजयासाठी मुलांना राबविणारे मार्गदर्शक पुढे निघाले नाहीत, असे नाही. गुरुशिष्यांतील मतभेद शेवटपर्यंत टिकला. त्यांचा स्नेहही शेवटपर्यंत टिकला.

दरम्यान हा खेळ अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतील हायस्कुलांत जाऊन पोचला होता. फुटबॉलला मोठा संघ व मोठा खर्च लागतो. येथे पाच मुले, एक चेंडू व कोठाराच्या भिंतीला ठोकलेले एक कडे पुरे. इंडियाना राज्यात तर प्रत्येक लहान गावाचा मान त्या गावच्या शालेय संघावर अवलंबून असे. १९२५ साली तेथील शालेय स्पर्धा पाहावयास नेस्मिथ गेले, तेव्हा शाळकरी मुलांचा खेळ पाहण्यासाठी हजारोंचा समुदाय लोटला होता. अठरा कंटाळलेल्या तरुणांसाठी केलेली तोड एवढी वाढलेली पाहून त्यांना आश्चर्य वाटले.

मधल्या काळात १९१६ साली ते सैन्याबरोबर मेक्सिकोच्या सीमेवर गेले होते आणि पहिल्या महायुद्धात १९१७ ते १९१९ या काळात फ्रान्समध्ये सैनिकांची सेवा करीत होते. १९२५ साली त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले.

१९३३ साली जॉन मॅकलेंडन नावाचा एक तरुण लॉरेन्सला आला. त्याला शारीरिक शिक्षणाचा शिक्षक व बास्केटबॉलचा मार्गदर्शक व्हावयाचे होते. तो कृष्णवर्णीय होता. त्या वेळी अमेरिकेत वर्णभेद उघडपणे पाळला जाई. विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात कृष्णवर्णीयाला जागा नव्हती. पोहण्याच्या तलावात उतरण्यासही त्याला आडकाठी होती. ज्या खेळाच्या नियमांत कोणाला ढकलू नये असे लिहिले होते, त्याच खेळाच्या दारातून एका विद्यार्थ्याला ढकलले जात होते! संघाची दारे नेस्मिथ उघडू शकले नाहीत. पण त्यांनी या मुलाला आपल्या हाताशी धरले, शिकविले आणि तो तलावात उतरण्याचा हक्क मागू लागला तेव्हा त्याच्या पाठीशी ते उभे राहिले. लॉरेन्सच्या हायस्कूलात कृष्णवर्णीय मुलांचा संघ वेगळा असे. विद्यार्थी असतानाच मॅकलेंडनने त्या संघाला शिकविले. खेळ शिकवावयाचा नसतो असे म्हणणाऱ्या गुरूने, आपल्या वृद्धपणी, एक उत्तम मार्गदर्शक असा घडविला. १९३६ साली मॅकलेंडन पदवीधर झाला. कॅन्ससमधून शारीरिक शिक्षणाची पदवी मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी होता.

त्याच १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांत बास्केटबॉलला प्रथमच पदकाचा मान मिळाला. त्यासाठी खटपट करणाऱ्यांत अ‍ॅलन पुढे होता. वृद्ध नेस्मिथांपाशी प्रवासापुरता पैसा नव्हता. तेव्हा देशभरच्या मार्गदर्शकांनी ठिकठिकाणी सामने भरविले आणि प्रत्येक तिकिटामागे थोडे थोडे नाणे बाजूला काढून त्यांच्या प्रवासाची सोय केली. पत्नीची प्रकृती बरी नसल्याने त्यांना एकट्यालाच जावे लागले. ७ ऑगस्ट रोजी एस्टोनिया व फ्रान्स यांच्या सामन्यात त्यांनी चेंडू वर उडवून स्पर्धेचा प्रारंभ केला. वीसहून अधिक देशांचे संघ तेथे आले होते. त्यांत जपान, चीन व फिलिपाइन्स हे आशियातील देशही होते. त्याच सुमारास अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनमध्ये कबड्डी इत्यादी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवीत होते. अंतिम सामना उघड्या मैदानावर भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना. अमेरिकेने कॅनडाला १९ विरुद्ध ८ गुणांनी हरविले. एक देश त्यांची जन्मभूमी, दुसरा त्यांची कर्मभूमी. दोहोंच्या गड्यांना सन्मानित होताना नेस्मिथांनी पाहिले.

१९३७ साली ते सेवानिवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नीचे निधन झाले. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी लॉरेन्स येथे मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. बास्केटबॉलच्या उगमाविषयी त्यांनी लिहिलेले पुस्तक १९४१ साली, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले.

आपल्या देशात हा खेळ वाय.एम.सी.ए.च्या द्वारेच आला. स्प्रिंगफील्डलाच शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रास येथे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले आणि तेथून तयार झालेले शिक्षक निरनिराळ्या प्रांतांतील शाळांत गेले.

नेस्मिथांनी भिंतीवर लावलेले ते तेरा नियमांचे दोन कागद २०१० साली लिलावात त्रेचाळीस लाख डॉलरांना विकले गेले. ते आता लॉरेन्सच्या विद्यापीठात जपून ठेवले आहेत. तेथील क्रीडागृहाला अ‍ॅलनचे नाव आहे आणि आतील क्रीडांगणाला नेस्मिथांचे. मॅकलेंडनने पुढे टेनेसी राज्यातील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाचा संघ तयार केला. १९५७, १९५८ व १९५९ अशी लागोपाठ तीन वर्षे त्या संघाने गोऱ्यांच्या संघांशी खेळून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले.